मस्तिष्कावरणशोथ

मस्तिष्कावरणशोथ : मेंदू आणि मेरुरज्जू यांना वेढून असणाऱ्या आवरणांच्या शोथास (दाहयुक्त सुजेस) ‘मस्तिष्कावरणशोथ’ म्हणतात. या आवरणांना शारीरात ‘तानिका’ अशी संज्ञा असल्यामुळे या विकाराला ‘तानिकाशोथ’ असेही नाव आहे. वैद्यकीय व्यवहारात ‘मेनिंजायटिस’ हे नाव रूढ आहे. बोलीभाषेत यास ‘मेंदूज्वर’ किंवा ‘मेंदूचा ताप’ म्हणतात. परंतु हीच नावे मस्तिष्कशोथासही, म्हणजे खुद्द मेंदूच्या ऊतकाच्या शोथासही लावली जातात. डासांमार्फत पसरणारा जपानी मेंदूज्वर हा मस्तिष्कशोथाचा प्रकार होय. दोन्ही विकारांची कारणे, चिकित्सा व प्रतिबंध यांत बराच फरक असल्याने त्यांतील भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. काही रुग्णांत आवरणे आणि मेंदू या दोहोंचाही शोथ एकाच वेळी आढळतो.

मस्तिष्कावरणशोथ सर्व वयांत व जगाच्या सर्व भागांत होतो. मात्र पाच वर्षांखालील मुलांत त्याचे प्रमाण व मारकता अधिक असते. २०१९ मध्ये जगात सु. २५ लाख लोकांना हा विकार झाला आणि सु. २ लाख ३६ हजार लोक त्यामुळे मृत्यू पावले, असा अंदाज आहे. यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू पाच वर्षांखालील मुलांचे होते. सूक्ष्मजंतुजन्य प्रकारात सकाळी केवळ ताप व डोकेदुखी असणारा रुग्ण त्याच रात्री अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून हा विकार वैद्यकातील तातडीच्या प्रसंगांपैकी एक मानला जातो.

शारीर : मेंदू व मेरुरज्जू यांवर एकाखाली एक अशी तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे, कवटीच्या आतील पृष्ठास लागून असलेले जाड व चिवट आवरण म्हणजे दृढतानिका. मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे विरळ आवरण म्हणजे जालतानिका आणि मेंदूच्या पृष्ठभागास चिकटून त्याच्या प्रत्येक घडीत शिरणारे तलम आवरण म्हणजे मृदुतानिका. जालतानिका व मृदुतानिका यांमधील पोकळीत मस्तिष्क-मेरुद्रव हा पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. प्रौढ व्यक्तीत त्याचे प्रमाण सु. १५० मिलि. असते, परंतु मेंदूतील विवरांमधून दिवसाकाठी सु. ५०० मिलि. द्रव नव्याने स्रवत असल्याने तो दिवसातून तीनचार वेळा बदलला जातो. मस्तिष्कावरणशोथात प्रामुख्याने जालतानिका, मृदुतानिका आणि त्यांमधील हा द्रव यांत विकृती उद्भवते.

रक्त व मेंदू यांच्यामध्ये केशवाहिन्यांच्या भित्तींचा एक रोध असतो. त्यामुळे रक्तातील अनेक पदार्थ, तसेच सूक्ष्मजंतू, सहजासहजी मस्तिष्क-मेरुद्रवात उतरू शकत नाहीत. परंतु हाच रोध प्रतिपिंडे (सूक्ष्मजंतूंविरुद्ध शरीरात तयार होणारी विशिष्ट प्रथिने) आणि श्वेत कोशिका यांनाही अडवतो. परिणामी एकदा का सूक्ष्मजंतू आत शिरले, की तेथे त्यांना फारसा प्रतिकार होत नाही व त्यांची वाढ झपाट्याने होते.

इतिहास : तापाबरोबर तीव्र डोकेदुखी, प्रलाप (बडबड) आणि मान ताठणे ही लक्षणे असणाऱ्या रोगांचे उल्लेख प्राचीन वैद्यकातही सापडतात, तथापि स्वतंत्र विकार म्हणून याची ओळख बरीच अलीकडची आहे. स्कॉटिश वैद्य रॉबर्ट व्हाइट यांनी मुलांतील ‘मेंदूतील जलसंचया’चे केलेले वर्णन १७६८ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. हे वर्णन क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाचे असल्याचे पुढे मान्य झाले. १८०५ मध्ये जिनीव्हा येथे आलेल्या साथीचे वर्णन गास्पार व्ह्यसो यांनी केले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्यातही अशाच साथीची नोंद झाली. १८८७ मध्ये व्हिएन्ना येथील आंटोन वाइक्सेलबाउम यांनी रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवातून जोडीजोडीने राहणारे गोलाणू वेगळे केले. त्यांनाच आज मेनिंगोकॉकस म्हणतात. १८९१ मध्ये जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढण्याची कटिवेध पद्धती प्रचारात आणली आणि त्यामुळे रुग्ण जिवंत असतानाच निश्चित निदान करणे शक्य झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी मेनिंगोकॉकसजन्य शोथाचे बहुसंख्य रुग्ण दगावत. अमेरिकन विकृतिवैज्ञानिक सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्यापासून मिळविलेला प्रतिरक्तरस मेरुरज्जूभोवतीच्या पोकळीत टोचण्यास आरंभ केल्यावर मृत्युप्रमाण सु. ३१ टक्क्यांपर्यंत उतरले, असे त्यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीत दिसून आले. १९३७ मध्ये सल्फा औषधांचा आणि १९४०–५० या दशकात पेनिसिलिनाचा वापर सुरू झाल्यावर रक्तरसचिकित्सा मागे पडली. क्षयजन्य प्रकार तोपर्यंत जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक होता. १९४३ मध्ये शोधल्या गेलेल्या स्ट्रेप्टोमायसिनामुळे अशा रुग्णांपैकी काही प्रथमच बरे होऊ लागले.

कारणे : सूक्ष्मजंतू, व्हायरस, कवक व इतर परजीवी यांच्या संसर्गामुळे मस्तिष्कावरणशोथ होतो. क्वचित संसर्गाशिवायही तो उद्भवतो.

(१) पूयजनक सूक्ष्मजंतू : या गटात तीन सूक्ष्मजंतू प्रमुख आहेत. मेनिंगोकॉकस (नीसेरिया मेनिंजायटिडिस) हा साथींच्या रूपाने रोग फैलावणारा महत्त्वाचा सूक्ष्मजंतू होय. त्याचे १२ गट ज्ञात असून ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स व वाय हे सहा गट बहुतेक सर्व रोगास कारणीभूत होतात. न्यूमोकॉकस (स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनी) हा फुप्फुसशोथ व मध्यकर्णशोथ यांचाही कारक असून त्याच्यामुळे होणारा मस्तिष्कावरणशोथ विशेष मारक असतो. तिसरा हीमोफायलस इन्फ्ल्यूएंझीचा ‘बी’ हा प्रकार मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना ग्रासतो. त्याच्या नावात इन्फ्ल्यूएंझा असला, तरी फ्ल्यू या रोगाशी त्याचा कार्यकारणसंबंध नाही. नवजात अर्भकांत ‘बी’ गटाचे स्ट्रेप्टोकॉकस, एश्चेरिकिया कोलाय, क्लेबसिएला इ. सूक्ष्मजंतू आढळतात, त्यांपैकी काही प्रसूतीच्या वेळी मातेच्या जननमार्गातून अर्भकाच्या शरीरात शिरतात. वृद्ध, गर्भवती व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांना दूषित अन्नातून आलेल्या लिस्टेरिया सूक्ष्मजंतूंमुळे हा विकार होऊ शकतो.

यांपैकी पहिल्या तीन सूक्ष्मजंतूंचे वास्तव्य अनेक निरोगी व्यक्तींच्या नाकात व घशात असते. सर्वसाधारण काळात दहापैकी एखाद्या व्यक्तीच्या घशात मेनिंगोकॉकस सापडू शकतो. पण अशा वाहकांपैकी फारच थोड्यांना रोग होतो. खोकणे, शिंकणे, चुंबन आणि दाटीवाटीने एकत्र राहणे यांमुळे उडणाऱ्या थुंकीच्या तुषारांतून सूक्ष्मजंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. सैनिकी छावण्या, वसतिगृहे, यात्रा व गर्दीच्या वस्त्या येथे साथी उद्भवण्याचे हे कारण होय.

(२) क्षयजंतू : क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ हा क्षयरोगाचा सर्वांत घातक आविष्कार आहे. फुप्फुसात किंवा लसीका ग्रंथीत असलेल्या मूळ केंद्रातून क्षयजंतू रक्तावाटे मेंदूत येऊन त्याच्या पृष्ठभागाजवळ लहान गाठी निर्माण करतात. अशी एखादी गाठ मस्तिष्क-मेरुद्रवात फुटली म्हणजे रोगास प्रारंभ होतो, असे आर्नल्ड रिच व हॉवर्ड मॅककॉर्डॉक या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने येथे या प्रकारास विशेष महत्त्व आहे. मुंबईतील डी. के. दस्तूर व पी. एम. उदानी यांनी मुलांच्या मेंदूतील क्षयजन्य विकृतींचा तपशीलवार अभ्यास करून १९६६ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि आवरणांखेरीज खुद्द मेंदूच्या ऊतकातही कशी विकृती होते, हे स्पष्ट केले. [→ क्षयरोग].

(३) व्हायरस : आंत्रमार्गात वाढणारे कॉक्सॅकी व एको व्हायरस, गालगुंडाचा व्हायरस, परिसर्पाचा (हर्पिसचा) व्हायरस इत्यादींमुळे होणारा शोथ हा एकूण रुग्णांत पुष्कळदा आढळणारा व बहुधा सौम्य प्रकार आहे. नेहमीच्या संवर्धनात सूक्ष्मजंतू वाढत नसल्यामुळे त्याला ‘निर्जंतुक मस्तिष्कावरणशोथ’ असेही म्हटले जाई.

(४) कवक व इतर परजीवी : क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे यीस्टसदृश कवक प्रामुख्याने एड्सच्या रुग्णांत व इतर कारणांनी प्रतिकारशक्ती मंदावलेल्यांत सावकाश वाढणारा शोथ निर्माण करते. २०१२ मध्ये अमेरिकेत पाठीच्या कण्यालगत टोचण्याचे एक औषध कवकाने दूषित झाल्यामुळे अनेक राज्यांत या विकाराचे रुग्ण आढळले होते. नीग्लेरिया फाउलेरी हा अमीबा गोड्या पाण्यात, विशेषतः उष्ण व स्थिर पाण्यात राहतो. पोहताना वा बुडी मारताना पाणी नाकात जोराने शिरल्यास तो गंधतंत्रिकेच्या मार्गाने मेंदूत पोहोचतो. असे पाणी प्यायल्याने मात्र हा रोग होत नाही. हा प्रकार अत्यंत विरळ असला, तरी त्यातून वाचणारे रुग्ण थोडेच असतात. केरळ राज्यात २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य रुग्ण आढळल्याने त्याकडे विशेष लक्ष वेधले गेले.

(५) संसर्गरहित कारणे : काही वेदनाशामक व इतर औषधांची प्रतिक्रिया, कर्करोगाचा आवरणांत प्रसार, आवरणांखालील रक्तस्राव आणि स्वयंप्रतिरक्षाजन्य विकार यांमुळेही आवरणांचा शोथ होऊ शकतो.

संप्राप्ती : सूक्ष्मजंतू मेंदूच्या आवरणांपर्यंत तीन मार्गांनी पोहोचतात. पहिला व नेहमीचा मार्ग रक्ताचा होय. दुसऱ्या मार्गाने मध्यकर्ण, कानामागील अस्थी किंवा नासाकोटरे यांतील पू लगतच्या आवरणांपर्यंत पसरतो. जुनाट ‘कान फुटण्या’कडे दुर्लक्ष करणे म्हणूनच धोक्याचे असते. तिसरा मार्ग कवटीचे अस्थिभंग, जन्मजात दोष किंवा शस्त्रक्रिया यांमुळे खुला होतो; डोक्यास मार लागल्यानंतर नाकातून वा कानातून पाण्यासारखा द्रव गळत राहणे हे त्याचे चिन्ह असू शकते. प्लीहा काढून टाकलेल्या व्यक्तींत तसेच रक्तातील पूरक प्रथिनांची जन्मजात उणीव असणाऱ्यांत धोका वाढलेला असतो.

मस्तिष्क-मेरुद्रवात सूक्ष्मजंतूंची संख्या वाढू लागली, की त्यांच्या भित्तींचे अंश तीव्र शोथप्रतिक्रिया चेतवतात. रक्तवाहिन्यांच्या भित्ती पार्य बनतात, श्वेत कोशिका व प्रथिने द्रवात उतरतात, मेंदूला सूज येते आणि कवटीच्या बंदिस्त पोकळीतील दाब वाढतो. रोहिण्यांचा शोथ झाल्यास मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो. द्रवाचा निचरा होण्याच्या वाटा पुवाने बुजल्यास तो साचून जलशीर्ष होते. क्षयजन्य प्रकारात घट्ट चिकट स्राव मेंदूच्या तळाशी साठत असल्याने तेथून निघणाऱ्या मस्तिष्क तंत्रिका दबल्या जातात. मेंदूची बरीचशी हानी सूक्ष्मजंतूंच्या प्रत्यक्ष हल्ल्यापेक्षा शरीराच्या या प्रतिक्रियेमुळे होते. चिकित्सेत शोथरोधी औषधांना स्थान मिळण्याचे हेच कारण होय.

लक्षणे : मेनिंगोकॉकसजन्य रोगाचा परिपाक काल दोन ते दहा दिवसांचा, सरासरीने चार दिवसांचा असतो. पूयजनक प्रकारात रोगाची सुरुवात एकाएकी होते. ताप, असह्य डोकेदुखी, ओकाऱ्या, मान ताठणे, उजेड सहन न होणे, गुंगी, प्रलाप, आचके आणि शेवटी बेशुद्धी अशी लक्षणे थोड्या तासांत किंवा एकदोन दिवसांत दिसू लागतात. सर्व लक्षणे प्रत्येक रुग्णात असतातच असे नाही. ताप, ताठ मान व बदललेली शुद्धी ही तीन प्रमुख लक्षणे एकत्र असणारे प्रौढ रुग्ण निम्म्याहून कमीच असतात. परंतु त्यांत डोकेदुखीची भर घालून होणाऱ्या चार लक्षणांपैकी किमान दोन सु. ९५ टक्के रुग्णांत आढळतात.

मान ताठणे म्हणजे केवळ मान दुखणे नव्हे. रुग्णास हनुवटी छातीस टेकविता येत नाही व दुसऱ्याने मान पुढे वाकविण्याचा प्रयत्न केल्यास स्नायू आखडून विरोध करतात. उताण्या झोपलेल्या रुग्णाची मांडी पोटाकडे दुमडून मग गुडघा सरळ करू लागल्यास वेदना व अडथळा येणे, यास रशियन वैद्य केर्निग यांच्या नावावरून ‘केर्निग चिन्ह’ म्हणतात. मान वाकविताच गुडघे आपोआप दुमडले जाणे, हे पोलिश बालरोगतज्ञ ब्रुद्झिन्स्की यांनी १९०९ मध्ये वर्णिलेले चिन्ह होय. ही चिन्हे आढळल्यास उपयुक्त असतात. मात्र ती न आढळल्याने रोग नाही असे ठरत नाही.

मेनिंगोकॉकसचा रक्तात प्रसार झाल्यास त्वचेखाली रक्तस्राव होऊन लाल-जांभळे ठिपके वा चट्टे उठतात. काचेचा पेला त्वचेवर दाबून धरला असता हे ठिपके फिके पडत नाहीत. सावळ्या त्वचेवर ते सहज दिसत नसल्याने तळहात, तळपाय, टाळा व पापण्यांचा आतील भाग पाहणे आवश्यक असते. असे ठिपके, गार पडलेले हातपाय व जलद नाडी ही रक्तविषण्णतेची व अवसादाची (रक्ताभिसरण कोलमडण्याची) पूर्वसूचना होय. अशा वेळी अधिवृक्क ग्रंथींत रक्तस्राव होऊन काही तासांत मृत्यू येऊ शकतो.

अर्भकांत रोग ओळखणे अवघड असते. मान पुष्कळदा ताठलेली नसते, कित्येकदा तापही नसतो, उलट अंग थंड पडते. अंगावर न पिणे, सतत किरकिरणे किंवा अतिशय सुस्त होणे, कर्कश आवाजात रडणे, उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी अधिकच रडणे, अंग ढिले पडणे, आचके येणे आणि टाळू फुगून ताठ होणे ही लक्षणे महत्त्वाची असतात.

क्षयजन्य प्रकार हळूहळू वाढतो. आरंभीचे दोनतीन आठवडे बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे, चिडचिड, अधूनमधून डोके दुखणे व उलट्या एवढेच दिसते. मुलाचा स्वभाव बदलला, खेळण्यात लक्ष नाही, असे घरातील माणसे सांगतात. पुढे मान ताठते, तिरळेपणा येतो, एक वस्तू दोन दिसू लागते, अर्धांगवायू होतो व अखेरीस बेशुद्धी येते. पहिल्या अवस्थेतच निदान झाल्यास बहुतेक रुग्ण बरे होऊ शकतात, तर बेशुद्धीनंतर चिकित्सा सुरू झाल्यास वाचणाऱ्यांपैकी अनेक जण अपंग राहतात. व्हायरसजन्य प्रकारात ताप, डोकेदुखी व ताठ मान असली, तरी शुद्धी सामान्यतः शाबूत असते आणि सात ते दहा दिवसांत रुग्ण आपोआप बरा होतो.

निदान : कटिवेधाने काढलेल्या मस्तिष्क-मेरुद्रवाची परीक्षा हा निदानाचा पाया होय. प्राकृत द्रव स्वच्छ असून त्याच्या एका घन मिमी. मध्ये पाचाहून अधिक श्वेत कोशिका नसतात. प्रथिनांचे प्रमाण दर १०० मिलि. मध्ये १५ ते ४५ मिग्रॅ. व ग्लुकोजाचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या सु. दोन-तृतीयांश असते. पूयजनक शोथात द्रव गढूळ होतो, बहुरूपकेंद्रकी श्वेत कोशिका हजारोंनी आढळतात, प्रथिन वाढते व ग्लुकोज घटते. क्षयजन्य प्रकारात लसीका कोशिकांचे आधिक्य असते, प्रथिन बरेच वाढलेले व ग्लुकोज कमी असते. द्रव परीक्षानलिकेत काही वेळ ठेवल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखी गुठळी धरू शकते. व्हायरसजन्य प्रकारात लसीका कोशिका वाढतात, पण ग्लुकोज सहसा प्राकृत राहते. ग्राम रंजन, संवर्धन, प्रतिजन परीक्षा आणि न्यूक्लिइक अम्ल ओळखणाऱ्या आधुनिक परीक्षा यांमुळे कारक जंतू निश्चित करता येतो. क्षयजंतू द्रवात फारच थोडे असल्यामुळे परीक्षेचा निष्कर्ष नकारार्थी आला, तरी लक्षणांवरून चिकित्सा सुरू करावी लागते.

कटिवेधाविषयी रुग्णाच्या नातेवाइकांत बरीच भीती आढळते. ‘पाठीतील पाणी काढल्याने’ पाय लुळे पडतात, ही समजूत निराधार आहे. प्रौढांत मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो व सुई त्याच्या बरीच खाली घातली जाते. काढलेला थोडासा द्रव काही तासांत भरून येतो. मात्र कवटीतील दाब फार वाढल्याची चिन्हे असल्यास संगणकीय क्ष-किरण छेदचित्रण प्रथम करणे इष्ट असते. अशा वेळी संवर्धनासाठी रक्त घेऊन प्रतिजैव औषध ताबडतोब देतात. परीक्षांसाठी औषध लांबणीवर टाकणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

चिकित्सा : सूक्ष्मजंतुजन्य शोथाचा संशय येताच रुग्णास रुग्णालयात दाखल करून नीलेतून भरपूर मात्रेत प्रतिजैव औषध सुरू करतात. सेफ्ट्रिॲक्सोन किंवा सेफोटॅक्झीम ही औषधे प्रथम वापरली जातात. न्यूमोकॉकस पेनिसिलिनास दाद न देण्याची शक्यता असल्यास व्हॅन्कोमायसीन आणि लिस्टेरियाचा संशय असल्यास ॲम्पिसिलीन यांची जोड देतात. सर्वसाधारणपणे मेनिंगोकॉकससाठी पाच ते सात, न्यूमोकॉकससाठी दहा ते चौदा आणि लिस्टेरियासाठी एकवीस दिवस चिकित्सा करावी लागते. शोथामुळे सैल झालेला रक्त-मेंदू रोध रुग्ण सुधारू लागताच पुन्हा घट्ट होतो व औषध आत जाण्याचे प्रमाण घटते. म्हणून ताप उतरला तरी औषधाची मात्रा कमी करीत नाहीत व ते मध्येच थांबवीत नाहीत.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्रतिजैव औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी किंवा तिच्याबरोबर दिल्यास शोथ आटोक्यात राहतो. प्रौढांतील न्यूमोकॉकसजन्य प्रकारात त्यामुळे मृत्यू कमी होतात, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूरोपातील चाचणीत आढळले. मुलांत बधिरतेचे प्रमाण घटण्यास त्याची मदत होते. याशिवाय आचके थांबविणे, श्वसनास साहाय्य, रक्तदाब टिकवणे, मेंदूची सूज उतरवणे व काटेकोर शुश्रूषा यांनाही तेवढेच महत्त्व आहे.

क्षयजन्य शोथात आयसोनियाझीड, रिफँपिसीन, पायराझिनामाइड व एथँब्युटॉल यांसारखी चार औषधे प्रथम दोन महिने व त्यानंतर त्यांतील निवडक औषधे, अशी एकूण नऊ ते बारा महिने चिकित्सा करण्याची पद्धत आहे. सोबत काही आठवडे स्टेरॉइड देतात. जलशीर्ष झाल्यास साचलेला द्रव नळीवाटे उदरपोकळीत वळविण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. क्रिप्टोकॉकसजन्य प्रकारात अँफोटेरिसीन-बी, फ्ल्यूसायटोसीन व फ्लुकोनाझोल ही कवकरोधी औषधे वापरतात. परिसर्प व्हायरसावर असायक्लोव्हिर उपयोगी पडते. इतर बहुतेक व्हायरसजन्य प्रकारांत विश्रांती, द्रवपदार्थ व वेदनाशामके पुरेशी असतात आणि प्रतिजैव औषधांचा उपयोग होत नाही.

फलानुमान व उपद्रव : योग्य चिकित्सेनंतरही सूक्ष्मजंतुजन्य शोथाच्या दर सहा रुग्णांपैकी सु. एक मृत्यू पावतो व पाचांपैकी सु. एकास गंभीर स्वरूपाचे वैगुण्य राहते. बधिरता हा त्यांतील नेहमी आढळणारा उपद्रव होय. लहान मुलात ती लक्षात न आल्यास ते मूल बोलावयास शिकत नाही व पुष्कळदा मंदबुद्धीचे समजले जाते. म्हणून या आजारातून उठलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणपरीक्षा लवकरात लवकर करणे अगत्याचे आहे. अंतर्कर्णातील पोकळी पुढे अस्थीने बुजू लागत असल्याने कर्णशंबुकात यंत्र बसविण्याची शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर तीही वेळीच करावी लागते. अपस्मार, जलशीर्ष, दृष्टिनाश, पक्षाघात, स्मरणशक्ती व एकाग्रता यांतील न्यून हे इतर उपद्रव होत. मेनिंगोकॉकसच्या रक्तविषण्णतेत बोटे किंवा हातपाय यांचा कोथ होऊन ते कापावे लागतात.

साथी : एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत अनेक देशांत मेनिंगोकॉकसच्या साथी येऊन गेल्या. भारतात दिल्ली येथे १९६६, १९८५ व २००५ मध्ये ‘ए’ गटाच्या, तसेच २००८–०९ मध्ये मेघालय व त्रिपुरा या राज्यांत साथी उद्भवल्या. १९८७ व २००० मध्ये हज यात्रेनिमित्त जमलेल्या समुदायात रोग पसरून तो यात्रेकरूंबरोबर अनेक देशांत गेला. तेव्हापासून यात्रेकरूंना लस देण्यास महत्त्व आले व आज ती सक्तीची आहे.

सर्वांत भीषण साथी आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस येत. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या या प्रदेशास फ्रेंच वैद्य लापेसोनी यांनी १९६३ मध्ये ‘मस्तिष्कावरणशोथाचा पट्टा’ असे नाव दिले. डिसेंबर ते जून या कोरड्या ऋतूत धुळीने भरलेले वारे वाहतात, घशाच्या श्लेष्मकलेस इजा होते आणि साथ पसरते. पाऊस सुरू होताच ती ओसरते. १९९६–९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोकांना रोग झाला व सु. २५,००० मृत्युमुखी पडले.

प्रतिबंध : रुग्णाच्या घरातील व निकट सहवासातील व्यक्तींना, कारक जंतू मेनिंगोकॉकस असल्यास, सिप्रोफ्लॉक्सॅसीन, रिफँपिसीन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन यांपैकी एक औषध प्रतिबंधक म्हणून देतात. सरसकट सर्व गावास औषध देण्याची आवश्यकता नसते. लस हा मात्र प्रतिबंधाचा खरा व टिकाऊ उपाय होय.

वर उल्लेखिलेल्या तिन्ही प्रमुख सूक्ष्मजंतूंवर शर्करायुक्त पदार्थाचे (पॉलिसॅकॅराइडाचे) कवच असते. या कवचापासून १९६०–७० या दशकाच्या अखेरीस मेनिंगोकॉकसविरोधी लस तयार करण्यात आली. परंतु ती दोन वर्षांखालील मुलांत निरुपयोगी ठरे व तिचा प्रभाव थोडीच वर्षे टिके. कवचातील हा पदार्थ एखाद्या प्रथिनाशी रासायनिक रीतीने जोडला असता मात्र तान्ह्या मुलांतही दीर्घकाळ टिकणारी प्रतिरक्षा निर्माण होते आणि घशातील जंतूंचे वास्तव्यही कमी होते, असे आढळले. या तत्त्वावर बनविलेल्या लशींना संयुग्मी लशी म्हणतात. ‘बी’ गटाच्या कवचाचे मानवी तंत्रिका ऊतकातील एका पदार्थाशी साम्य असल्याने शरीर त्यास परके मानीत नाही. म्हणून त्या गटासाठी सूक्ष्मजंतूच्या प्रथिनांपासून वेगळी लस बनवावी लागली. २०१५ मध्ये ब्रिटनने तिचा अर्भकांच्या नियमित लसीकरणात समावेश केला.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात हीमोफायलस ‘बी’ प्रतिबंधक लस पंचगुणी लशीतून डिसेंबर २०११ पासून प्रथम केरळ व तमिळनाडू येथे आणि पुढे सर्व देशभर दिली जाऊ लागली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत तिच्या मात्रा देतात. न्यूमोकॉकसविरोधी संयुग्मी लस २०१७ पासून काही राज्यांत व २०२१ पासून देशभर देण्यात येते. जन्मतःच टोचली जाणारी बीसीजी लस प्रौढांतील फुप्फुसक्षयास फारसा अटकाव करीत नसली, तरी लहान मुलांचे क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथापासून बऱ्याच प्रमाणात संरक्षण करते.

आफ्रिकेतील ‘ए’ गटाच्या साथींचा बंदोबस्त हे या क्षेत्रातील एक उल्लेखनीय यश असून त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. गरीब देशांना परवडेल अशा दरात संयुग्मी लस निर्माण करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना व पाथ ही अमेरिकन संस्था यांनी २००१ मध्ये एक संयुक्त प्रकल्प सुरू केला. लशीचे उत्पादन पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने अंगीकारले व एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी ठेवली. ही लस चार दिवसांपर्यंत ४०° से. तापमानात राहिली तरी चालते असे सिद्ध झाल्यामुळे शीतपेट्यांची सोय नसलेल्या खेड्यांतही ती नेता आली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली व नायजर येथून लसीकरणास आरंभ झाला आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा एकही निश्चित रुग्ण आढळला नाही. मात्र सी, डब्ल्यू व एक्स या गटांच्या साथी चालू राहिल्या. त्यांसाठी याच संस्थेने बनविलेल्या पाच गटांविरुद्धच्या लशीस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मान्यता दिली व २०२४ मध्ये नायजेरियाने तिचा वापर प्रथम सुरू केला.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य सभेने संमत केलेल्या योजनेनुसार २०३० पर्यंत या रोगाच्या साथींचे निर्मूलन करणे, लशींनी टाळता येणाऱ्या सूक्ष्मजंतुजन्य प्रकाराचे रुग्ण निम्म्याने व त्यामुळे होणारे मृत्यू ७० टक्क्यांनी घटविणे ही उद्दिष्टे ठरविण्यात आली आहेत. ती साध्य होण्यासाठी लशींच्या जोडीला प्राथमिक आरोग्य केंद्रांत रोगाची त्वरित ओळख, औषधाची पहिली मात्रा तेथेच देण्याची सोय आणि बरे झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाची व्यवस्था यांचीही आवश्यकता आहे.

पशूंतील मस्तिष्कावरणशोथ : गाई, मेंढ्या, डुकरे इ. पशूंनाही हा विकार होतो. लिस्टेरियाच्या संसर्गात मेंढ्यांचा मेंदू व आवरणे यांचा शोथ होऊन त्या एकाच दिशेने गोल फिरत राहतात. नवजात वासरांत नाळेच्या मार्गाने किंवा चीक वेळेवर न पाजल्यामुळे शिरलेले सूक्ष्मजंतू कारणीभूत होतात. नाळेची स्वच्छता व जन्मानंतर लगेच पुरेसा चीक पाजणे हे यावरील प्रतिबंधक उपाय होत. डुकरांतील स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा सूक्ष्मजंतू मानवातही मस्तिष्कावरणशोथ व बधिरता उत्पन्न करतो. आग्नेय आशियात डुकरे पाळणाऱ्या, त्यांचे मांस हाताळणाऱ्या व ते कच्चे खाणाऱ्या लोकांत असे रुग्ण आढळतात.